हट्ट्याच्या बंद घराचं मीटर

ती घटना आजही आठवते, पण गुन्ह्यासारखी आठवत नाही. पहाटेचं स्वप्न दुपारपर्यंत अंगावर रेंगाळावं, तशी आठवते. पोलिसाने स्वप्नाची भाषा करू नये हे मला कळतं. आमची भाषा फिर्याद, पंचनामा, जबाब अशी रोखठोक. पण नोकरीतल्या माझ्या शेवटच्या दिवाळीच्या आगेमागे मी रोज सकाळी ठाण्यात चहा घेत एका बंद घराकडे बघत बसायचो आणि ते घर मधे दोन तालुके टाकून पलीकडे होतं. याला दुसरं काय म्हणावं, हे मला अजून सुचलेलं नाही.

मी तेव्हा सेनगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. पुसेगावातून एक बाई बेपत्ता झाली होती. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. दिराचा मुलगा आईवेगळा झाला तेव्हा हिनेच त्याला पदराखाली घेतलं. पुढे दीरही गेला. घरात दोघंच उरली, काकू आणि पुतण्या. पुतण्याचं लग्न ठरलं होतं. नवरात्रात साखरपुडा झाला, तुळशीच्या लग्नानंतरची तिथी निघाली. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू घरात नव्हती.

मोबाइल खुंटीवरच्या पिशवीत तसाच होता. मळ्यातल्या विहिरीच्या काठावर तिच्या चपला सापडल्या, त्यातल्या एकीचा अंगठा तुटलेला. तुटलेला अंगठा म्हणजे झटापट, असं गावाने ठरवून टाकलं. आम्ही मोटारी लावून विहीर उपसली. गाळ निघाला, कुणाची तरी जुनी घागर निघाली, पण बाई निघाली नाही.

बेपत्ता झाल्याची खबर पुतण्यानेच दिली होती. पण पुण्याहून काकूचा भाऊ आला आणि त्याने सरळ पुतण्यावर बोट ठेवलं. शेत काकूच्या नावावर होतं, लग्नानंतर घरात तिची अडचण होणार होती, आणखी काय पाहिजे? गावालाही हे पटलं. ज्यांच्या घरी पोरगा लहानपणी जेवला, तीच माणसं ठाण्यात येऊन दबक्या आवाजात म्हणू लागली, "साहेब, आपलं म्हून सांगतो, त्यानंच केलं."

मी पुतण्याला चौकशीसाठी रोज ठाण्यात बोलावू लागलो. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, अशी ताकीदही दिली. बाहेरच्या बाकड्यावर तो सकाळी येऊन बसायचा आणि उन्हं कलल्यावर जायचा. शेतात सोयाबीन वाळून उभं होतं, शेंगा तडकायला लागल्या होत्या. माणूस रोज आपलं पीक मातीत सांडताना मनातल्या मनात बघतोय, हे त्याच्या तोंडावर दिसायचं.

"काकूचं अन् तुझं भांडण झालं होतं का?"

"न्हाई साहेब. भांडण न्हाई झालं."

"मग काय झालं?"

"काहीच न्हाई झालं."

एवढं बोलून तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायचा. मी समजावून पाहिलं, दरडावून पाहिलं. आमच्या महिला हवालदार बाईंनी 'अरे लेकरा' करून पाहिलं. उत्तर तेच. तो काहीतरी लपवतोय, एवढं स्वच्छ दिसत होतं. खात्यात आम्ही नव्या पोरांना शिकवतो की खोटं बोलणारा नजर चुकवतो. लाज वाटणाराही अगदी तशीच नजर चुकवतो, हे शिकवायचं राहून जातं.

वरून विचारणा सुरू झाली होती. अटक कधी करताय? मुलीकडचे पाहुणे बिचकले होते, मोडायचं की थांबायचं या बेतात होते. प्रेत नाही, साक्षीदार नाही, फक्त तुटकी चप्पल आणि एक मुका पोरगा. त्या आधारावर मी सही केली असती तर खुनाचा आरोप त्याला जन्मभर पुरला असता.

अशात एक दिवस काकूचा भाऊ तणतणत आला. त्याच्या हातात मोबाइल होता. वसमत तालुक्यातल्या हट्टा गावात त्यांचं जुनं घर, म्हणजे काकूचं माहेर. आई गेल्यापासून घराला कुलूप होतं. उन्हाळ्यात सगळ्या गावाबरोबर तिथेही नवं स्मार्ट मीटर बसलं होतं.

"हे बघा. बंद घर आहे आमचं. कायम शून्य युनिट यायचं. आता थोडा थोडा वापर दाखवतंय. कुणी आमच्या वायरीवर आकडा टाकून वीज चोरतंय का काय? का यानंच माझ्या बहिणीला नेऊन तिथं..."

त्या घराची तपासणी पहिल्याच आठवड्यात झाली होती. हट्ट्याकडच्या ठाण्याने माणूस पाठवून पाहिलं होतं. दाराला बाहेरून गंजकं कुलूप, खिडक्या बंद, शेजारणींचा जबाब एकमुखाने 'हिकडं कुनी आलंच न्हाई'. त्यामुळे ते घर माझ्या डोक्यातून गेलं होतं. त्या दिवशी ते परत आत शिरलं, आणि मग बाहेर पडायचं नावच घेईना.

मी वसमतला वीज कार्यालयात गेलो. तिथल्या कनिष्ठ अभियंता म्हणजे एक तरुण बाई, बोलायला चटपटीत, टेबलावर डब्यातली लोणच्याची फोड अर्धी खाल्लेली. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, वरिष्ठांना फोन लावून खात्री केली, मगच संगणक माझ्याकडे वळवला. त्यावर त्या दिवशीचे तोवरचे रकाने होते, सगळी शून्यं. नव्या मीटरमध्ये दर पंधरा मिनिटांना किती वीज लागली ते आपोआप नोंदलं जातं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आमच्या काळी मीटरवाला महिन्यातून एकदा यायचा, कुत्र्याला हाड म्हणायचा, आकडा टिपायचा आणि जायचा. आता घर दिवसभर श्वास घेतं आणि ते कुठेतरी उमटतं.

"आजचं देते साहेब. पण उद्याचं पाहिजे असंल तर उद्या फोन, परवाचं पाहिजे तर परवा. त्यापेक्षा शेड्यूल लावून देऊ का? रोज सकाळी फाइल आपोआप तुमच्या ठाण्याच्या मेलवर येईल. तुमालाही तकलीफ न्हाई, मलाही न्हाई."

त्यांनी एकेक चौकट भरत नेली. कोणतं मीटर? हे एकच, शेजारचं नाही, पत्रात एकाचाच उल्लेख आहे. किती बारीक? पंधरा मिनिटांचा एकेक रकाना. कधी पाठवायचं? सकाळी, ठाण्यात हजेरी झाल्यावर. कुणाला? ठाण्याला. कधीपर्यंत?

"सापडेपर्यंत," मी म्हणालो.

"तसा पर्याय न्हाई साहेब ह्यात," त्या हसून म्हणाल्या आणि दिवाळीनंतरची एक तारीख टाकली.

दुसऱ्या दिवसापासून फाइल येऊ लागली. हजेरी, रात्रीच्या गस्तीचा अहवाल, कोठडीची तपासणी उरकली की मी ती उघडायचो. रकान्यांमागून रकाने, सगळी शून्यं. शून्य, शून्य, शून्य. बघता बघता डोळ्यांवर पेंग यायची. आणि मग दुपारी, पाऊण वाजण्याच्या सुमाराला, एक चिमुकला आकडा. झिरोचा एखादा बल्ब थोडा वेळ लावून विझवावा, एवढाच. पुन्हा शून्य, पार दुसऱ्या सकाळपर्यंत.

रोज तेच. पंखा नाही, टीव्ही नाही, पाण्याची मोटार नाही. चोर असता तर एवढ्यावर भागलं नसतं. आकडा टाकणारा एवढ्याशा उजेडासाठी जीव धोक्यात घालत नाही. मग दुपारच्या भर उन्हात त्या बंद घरात क्षणभर बल्ब लावणारं कोण? मी खुर्चीत रेलून डोळे मिटायचो आणि मला ते घर दिसायचं. न पाहिलेलं, तरी पाठ झालेलं. आत धूळ, उन्हाची एक तिरीप आणि कुणाचा तरी हात बटणाकडे जातोय. तो हात बाईचा आहे की बाईला तिथे ठेवणाऱ्याचा, हे काही केल्या दिसायचं नाही. बाहेर बाकड्यावर पुतण्या बसलेला असायचा. मधे फक्त एक भिंत, आणि त्याचं सगळं आयुष्य माझ्या टेबलावरच्या त्या एवढ्याशा आकड्यावर अडकलेलं.

मी आमचा एक शिपाई साध्या वेशात हट्ट्याला पाठवला. दुपारी घरावर नजर ठेव म्हणालो. तो हळद खरेदी करणारा बनून समोरच्या ओट्यावर बसला. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गल्लीतल्या बायांनी त्याची मोठी बडदास्त ठेवली. भाकर काय, ठेचा काय, ताक काय. "बसा बावा, उन्हाचं कुठं जाता," म्हणून त्याला सावलीतल्या ओट्यावर बसवायच्या. ती सावली नेमकी त्या घराकडे पाठ होईल अशीच पडते, हे गड्याच्या लक्षात आलं नाही. तो वजन वाढवून परत आला. आणि त्याच दुपारींना फाइलमध्ये तो आकडा बिनचूक उमटलेला होता. त्याच्या पाठीमागे उमटला असेल म्हणावं, तर त्याने अधूनमधून परसदारही पाहिलं होतं, तिथेही चिटपाखरू नव्हतं.

गावाला भुताटकीचा संशय येण्याआधी मलाच यायला लागला होता.

दिवाळी आली आणि गेली. अटकेचा प्रस्ताव टेबलावर तयार होता. सही करण्याआधी एकदा सगळं पाहावं म्हणून मी आतापर्यंतचे सगळे कागद छापून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. वारं होतं, म्हणून कडेला पेपरवेट, बेड्या, जे मिळेल ते ठेवलं. आणि उभं राहून बघताना दिसलं की तो आकडा सरकलाय. सुरुवातीला पाऊण वाजताच्या रकान्यात होता. कोजागरी मागे पडली तसा तो कधी या रकान्यात तर कधी अलीकडच्या रकान्यात. दिवाळीनंतर तो ठाम साडेबाराच्या घरात आला होता. कुणी ढकललं नाही, आपसूकच, हळूहळू.

घड्याळ बघून काम करणाऱ्याची वेळ अशी सरकत नाही. जेवणाची वेळही नाही, भूक ऋतू पाहत नाही. थंडी जवळ आली की सरकतो तो फक्त दिवस. दिवस लवकर मावळतो.

आणि दिवस मावळला की आपल्याकडे घर अंधारं ठेवत नाहीत.

मी अभियंता बाईंना फोन लावला. "बाई, ही फाइल कुणाच्या घड्याळावर चालते?"

"म्हणजे?"

"दुपारी साडेबारा म्हणजे नक्की कुठले साडेबारा?"

पलीकडून बटणांचा आवाज आला. "अगं माय... साहेब, स्क्रीनवर बराबर आपलीच वेळ दिसते. पण शेड्यूलनं जी फाइल जाते ना, तिला वेळेचा वेगळा पर्याय असतो. तो जागतिक वेळेवरच राहून गेलाय. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं."

साडेबारात साडेपाच मिळवा. दिवेलागण. इतके दिवस आम्ही भर दुपारी पहारा करत होतो, आणि ती बाई रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होती. कारण ती तीच होती, याबद्दल मला आता तिळमात्र शंका नव्हती. जीव लपवून बसलेलं माणूस स्वयंपाक टाळेल, पंखा टाळेल, खोकला दाबेल. पण तिन्हीसांजेला देवापुढे अंधार ठेवणं त्या पिढीतल्या बाईला जमणार नाही. तेवढी एकच चूक तिच्याकडून रोज होणार, आणि ती चूक आहे असं तिच्या मनातही येणार नाही.

त्याच संध्याकाळी हवालदार बाईंना घेऊन मी हट्ट्याला गेलो, तिकडच्या ठाण्याला कळवून. गल्लीच्या तोंडाशी गाडी ठेवली आणि पायी निघालो. हवेत धूर आणि गवताचा वास होता. सगळं इतकं संथ होतं की आपलीच पावलं परक्याची वाटावीत. परसदाराची कडी मी वाजवायच्या आधीच शेजारच्या घरातून एक बाई धावत आली आणि दारात आडवी उभी राहिली. ही काकूची लहानपणची मैत्रीण.

"न्हाई म्हणलं ना साहेब, घर बंद हाय!"

"बंद घरात कुणाला भाकरी देता हो तुम्ही?" हवालदार बाईंनी तिच्या हातातल्या झाकलेल्या ताटलीकडे बोट दाखवलं.

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माहेरवाशीण हाय आमची. रुसून आली. आमी काहून सांगावं कुनाला?"

"तिकडे तिच्या पुतण्याला खुनी ठरवायला निघालेत, माहीत आहे का?"

"कानावर आलं व्हतं." ती जराही वरमली नाही. "म्हणलं, भोगू द्या थोडं. तिला न्हाई सांगितलं आमी. सांगितलं असतं तर ती तशीच अनवाणी पळाली असती."

म्हणजे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. माझा शिपाई ज्यांचं ताक पीत होता, त्या प्रत्येक बाईला. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी सराईत टोळ्यांना फुटताना पाहिलं आहे. ही गल्ली फुटली नव्हती.

दार आतून उघडलं. काकू उभी होती, अंगाने किरकोळ, डोक्यावर पदर. मागे देव्हाऱ्यात लाल झिरोचा बल्ब. मी वर्दीत नव्हतो, तरी तिने ओळखलं. घाबरली नाही. बसायला पोतं टाकलं आणि स्वतः उंबऱ्याजवळ टेकली.

विहिरीचं विचारलं तर म्हणाली, मळ्यातल्या वाटेने निघाले, चपलेचा अंगठा तुटला, तिथेच टाकल्या. एवढंच. मग मी विचारलं, का आलात निघून?

"साखरपुडा झाला साहेब. मुलीची ओटी भरायची वेळ आली. म्या ताट घिऊन उठले. त्याची आत्या म्हणली, तू नगं, सवाष्ण पाहिजे. आईच्या जागी तिनं भरली ओटी. म्या ताट खाली ठिवलं. पाहुण्यांचं काही वाटलं न्हाई मला, आत्याचंबी न्हाई. रीत हाय. पण मपलं लेकरू तिथंच बसलं व्हतं. त्यानं वर बी पाहिलं न्हाई."

पुतण्या खरंच बोलत होता. भांडण झालं नव्हतं. काहीच झालं नव्हतं.

मी मीटरचं सांगितलं. तिने बल्बाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजी मपला दिवा रोज तुमच्याकडं जात व्हता?"

"हो."

"अन् तरी यायला इतके दिस लागले?" पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत थोडं हसू आलं. मग ते गेलं. "मला वाटलं, तोच यील. दसऱ्याला यील, दिवाळीला यील."

त्याला गाव सोडायची परवानगी नव्हती, ती मीच दिली नव्हती, हे मी तिला सांगितलं. तो रोज ठाण्याच्या बाकड्यावर बसलेला असतो, हेही सांगितलं. ती ताडकन उठली, खुंटीवरची पिशवी काढली, दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. पिशवी छातीशी धरून परत खाली बसली. रडत होती, पण बसली.

"न्हाई साहेब. मी तुमच्या गाडीत न्हाई यायची. रुसून आलेल्या बाईला घ्यायला माणूस येतंय. कुनी घ्यायला आल्याबिगर कशी जाऊ मी त्या घरात? त्याला म्हणा, ये."

नियमाप्रमाणे सापडलेल्या व्यक्तीला ठाण्यात आणून जबाब घ्यायचा असतो. मी जबाब तिथेच लिहून घेतला, तिचा अंगठा नव्हे, सही घेतली, आणि रिकाम्या गाडीने परत आलो. सकाळी पुतण्या नेहमीसारखा बाकड्यावर येऊन बसला. मी त्याला म्हणालो, "काकू हट्ट्याला आहे, चांगली आहे. घ्यायला तुला बोलावलंय."

तो उठला आणि पुन्हा बसला. मग म्हणाला, "तिनं सांगितलं का, काय झालं ते?"

"सांगितलं."

"म्या गप बसलो साहेब." त्याने तोंड हातांनी झाकलं. "तुमी इतक्या डाव विचारलं. लाज वाटली. खून केला म्हणा म्हणलं, पण हे कसं सांगू?"

मी त्याच्याबरोबर गेलो, पण गाडीतून उतरलो नाही. या वेळी समोरच्या दाराचं कुलूप गल्लीने काढून ठेवलं होतं. अंगणात सडा पडला होता. बाया आपापल्या दारांत उभ्या होत्या, जणू काही सहजच. पोरगा उंबऱ्यापाशी गेला आणि आत न जाता तिथेच उभा राहिला.

"काकू, घ्यायला आलो."

आतून आवाज आला, "कोण?"

"मी... तुपलं लेकरू."

"काहून आला?"

"लग्नाच्या दिशी आईच्या जागेवर तू बसायचं. न्हाई बसली तर म्या बी बोहल्यावर न्हाई बसत. सगळ्यांसमोर सांगून राहिलो."

ती बाहेर आली. त्याच्या पाठीत तिने एक जोरदार धपाटा घातला, इतका की शेजारच्या ओट्यावरची मांजर पळाली. आणि त्याच हाताने त्याला तशीच धरून राहिली.

प्रकरण कागदावर एका ओळीत मिटलं: बेपत्ता महिला मिळून आली, तक्रार नाही. सोयाबीन बरंच मातीत गेलं होतं. लग्न ठरल्या तिथीला लागलं. मी गेलो होतो. आईच्या जागी कोण बसलं हे पाहून काही मंडळी उठून गेली आणि पंगतीला मात्र परत आली. वीज कार्यालयाची फाइल तारीख येईपर्यंत आणखी थोडे दिवस येत राहिली, नुसत्या शून्यांची. ती शून्यं मी सावकाश वाचायचो. ठाण्यात इतकं सुख मी फार कमी वेळा अनुभवलं आहे.

या प्रकरणाने मला शिकवलं ते तपासाच्या पुस्तकात बसणारं नाही. आम्ही माणूस शोधायला शिकतो. कुठे गेला, कुणाबरोबर गेला, शेवटचा कुणाला दिसला. पण हरवलेल्यांतली काही माणसं हरवलेली नसतातच. ती अगदी ठाऊक असलेल्या जागी, दाराकडे कान लावून बसलेली असतात. नोकरीचे जे थोडे महिने उरले होते, त्यांत घरातलं माणूस रागाने निघून गेल्याची खबर घेऊन कुणी आलं, की नाव-पत्ता लिहिण्याआधी मी एक प्रश्न विचारायचो: तुम्ही घ्यायला कुठे कुठे गेला होतात?

बहुतेक जण त्यावर खाली बघायचे.